सक्तीची परतपाठवणी व तिसऱ्या देशातील पुनर्वसन

निर्वासित ज्या देशातून जीव वाचवून निघाला तिथेच त्याला परत धाडले जाण्याचा धोका असेल, तर पहिल्या आश्रयदेशातून हलवून कायम वास्तव्याचा हक्क देणाऱ्या तिसऱ्या देशात त्याला वसवण्याची आंतरराष्ट्रीय व्यवस्था. उजनी धरणासारख्या प्रकल्पांतील विस्थापितांचे पुनर्वसन हा निराळा विषय आहे. परत न पाठवण्याचे तत्त्व आणि पुनर्वसन एकमेकांना पूरक असले, तरी दोहोंचे बळ सारखे नाही. पहिले कायदेशीर बंधन आहे, दुसरे देशांच्या मर्जीवर चालते. १९५१ च्या निर्वासित कराराचे कलम ३३ एवढेच सांगते, की जीविताला वा स्वातंत्र्याला धोका असलेल्या हद्दीत निर्वासिताला ढकलू नये. मग त्याने राहायचे कुठे, हा प्रश्न ते कलम सोडवत नाही.

परत न पाठवण्याच्या तत्त्वाचा आरंभ कुठून धरावा याविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक आंतरराष्ट्रीय विधी संस्थेने १८९२ मध्ये जिनीव्हात केलेल्या ठरावापर्यंत मागे जातात. पण तो विधिज्ञांचा ठराव होता, राज्यांना बांधणारा नव्हता. ३० जून १९२८ च्या रशियन व आर्मेनियन निर्वासितांविषयीच्या व्यवस्थेत हद्दपारी टाळण्याची शिफारस आढळते. बंधन म्हणून हे तत्त्व प्रथम उतरले ते २८ ऑक्टोबर १९३३ च्या कराराच्या कलम ३ मध्ये. मायदेशाच्या सरहद्दीवर आलेल्या निर्वासिताला कोणत्याही परिस्थितीत प्रवेश नाकारणार नाही, असे त्यात स्पष्ट वचन होते. या बाबतीत ते कलम आजच्या कलम ३३ पेक्षा धीट म्हणावे लागेल. मात्र करार मान्य करणारी राष्ट्रे जेमतेम आठ. त्यामुळे उगम १९३३ चा आणि प्रत्यक्ष बळ १९५१ नंतरचे, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. हे तत्त्व रूढ आंतरराष्ट्रीय कायदा, म्हणजे करारावर सही न केलेल्या राष्ट्रांनाही बांधणारा नियम, झाले आहे का, हा दुसरा वाद. एलिहू लॉटरपॅक्ट व डॅनियल बेथलेहेम या कायदेपंडितांनी होकारार्थी मत दिले; राज्यांचे प्रत्यक्ष वर्तन पाहता निर्वासित कायद्याचे अभ्यासक जेम्स हॅथवे यांना ते मान्य नाही. भारताने १९५१ च्या करारावर सही केलेली नाही. तत्त्व रूढ कायदा ठरले तर ते भारतालाही लागू होते, म्हणून आपल्याकडे हा वाद केवळ पुस्तकी नाही.

तत्त्वाची पुनर्वसनाशी सांगड दुसऱ्या महायुद्धानंतर पडली. याल्टा येथे दोस्त राष्ट्रांत झालेल्या ११ फेब्रुवारी १९४५ च्या समझोत्यानुसार ब्रिटन व अमेरिकेने सोव्हिएत नागरिकांना परत सोपवले. जून १९४५ मध्ये ऑस्ट्रियातील लिएन्झ येथे ब्रिटिश सैनिकांनी जर्मनांच्या बाजूने लढलेल्या रशियाकडील कोसॅकांच्या कुटुंबांना मारझोड करून गाड्यांत कोंबले. काहींनी द्राव्हा नदीत उड्या घेतल्या. १२ फेब्रुवारी १९४६ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सर्वसाधारण सभेने ठरवले, की रास्त आक्षेप घेणाऱ्यांवर परतीची सक्ती होऊ नये. त्यानंतर आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेने १९५२ पर्यंत दहा लाखांहून अधिक लोकांना नव्या देशांत वसवले. महाराष्ट्रात याचा धागा कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे सापडतो. १९४३ ते १९४८ या काळात तिथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. सोव्हिएत हद्दपारीतून सुटलेल्या या लोकांत स्त्रिया व मुले अधिक होती. अनेकांची गावेच युद्धानंतर सोव्हिएत हद्दीत गेली, त्यामुळे परत जाण्यास बहुतेकांनी नकार दिला आणि ते ब्रिटन व अन्य देशांकडे गेले.

घरी परतण्यातला धोका महाराष्ट्रात सोलापूरच्या सरहद्दीवरही दिसला; त्यासाठी १९४७-४८ चा काळ पाहावा लागतो. हैदराबाद संस्थान तेव्हा भारतात विलीन झाले नव्हते. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी दोहोंत जैसे थे करार तेवढा झाला होता. सोलापूर व बार्शी मुंबई प्रांतात, तर तुळजापूर, नळदुर्ग, परांडा हा ‘मोगलाई’चा, म्हणजे निजामाचा, मुलूख. रझाकारांच्या दहशतीने तिकडची कुटुंबे गाठोडी घेऊन इकडे आली. भवानीच्या दर्शनाला सोलापूरकर ज्या वाटेने जात, तीच यांची सुटकेची वाट झाली. त्यांना निर्वासित म्हणावे का? भारत सरकारच्या लेखी हैदराबाद परदेश नव्हता, आणि ‘अंतर्गत विस्थापित’ हा वर्ग बराच पुढचा. तरीही घरी परतण्यातला धोका पाहता त्यांना निर्वासित म्हणणाऱ्यांची बाजू भक्कम वाटते. १३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापूरकडून निघालेल्या भारतीय फौजेने नळदुर्ग घेतले, १७ ला निजामाने शरणागती पत्करली आणि परतीची वाट मोकळी झाली. त्यानंतर उस्मानाबाद भागात मुस्लिमांवर हल्ले झाले. भारत सरकारने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने ते नोंदवले आहेत. म्हणजे घरे दोन्ही बाजूंची सुटली.

पहिला आश्रयदेशच परत ढकलू लागला तर काय होते, याचे सर्वांत भीषण उदाहरण थायलंडचे. जून १९७९ मध्ये चाळीस हजारांहून अधिक कंबोडियन निर्वासितांना बसगाड्यांतून कंबोडियाच्या सरहद्दीवरील प्रेआ विहार येथे नेऊन सुरुंग पेरलेल्या डोंगरउतारावरून खाली हाकलले गेले. काही वकिलातींनी ऐनवेळी साधारण बाराशे जणांना वेगळे काढले. तिसऱ्या देशाचे दार उघडल्यामुळेच ते वाचले. महिन्याभरात, २० व २१ जुलैला, जिनीव्हात बैठक भरली आणि पुनर्वसनाच्या जागांची वचने सव्वा लाखावरून दोन लाख साठ हजारांवर गेली. समुद्रात वाचवलेल्यांना किनाऱ्यावरील देशाने उतरू द्यावे, म्हणून त्यांना पुढे नेण्याची हमी इतर देशांनी आधीच देण्याची पद्धतही याच सुमारास रूढ झाली. आश्रय टिकवण्यासाठी पुनर्वसन, हा विचार इथे पक्का झाला.

सध्या संयुक्त राष्ट्रांचे निर्वासित उच्चायुक्त कार्यालय प्रकरणे निवडते व सुचवते. अंतिम निर्णय स्वीकारणाऱ्या देशाचा. परतपाठवणीचा धोका ‘कायदेशीर व शारीरिक संरक्षणाची गरज’ या वर्गात मोडतो. अत्यंत तातडीच्या प्रकरणी काही दिवसांत माणूस हलवणे अपेक्षित असते. तेवढ्या वेळात व्हिसा होत नाही, म्हणून मधला थांबा म्हणून रोमानियातील टिमिश्वारा येथे २००८ मध्ये संक्रमण केंद्र निघाले. लिबियातील कोठडीतून काढलेल्यांसाठी नायजर (२०१७) व रवांडा (२०१९) येथे अशीच सोय झाली. जगातील एक टक्क्याहूनही कमी निर्वासितांना दरवर्षी अशी जागा मिळते. गरजेपुढे हे प्रमाण फार अपुरे आहे.

भारतात निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदा नसल्याने भिस्त न्यायालयांवर आहे. गुजरात उच्च न्यायालयाने १९९८ मध्ये परत न पाठवण्याचे तत्त्व घटनेच्या अनुच्छेद २१ शी, म्हणजे जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काशी, जोडले. ८ एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मात्र जम्मूतील रोहिंग्यांची परतपाठवणी थांबवण्यास नकार दिला. पुढच्याच महिन्यात मणिपूर उच्च न्यायालयाने म्यानमारमधून आलेल्या सात जणांना दिल्लीतील उच्चायुक्त कार्यालयाकडे जाण्याची मुभा दिली.