ऑडिओ रूटिंग

ऑडिओ रूटिंग : व्हिडिओ संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्रीकरणातील प्रत्येक ध्वनी-चॅनेल कोणत्या ट्रॅकवर (टाइमलाइनवरील आडव्या ओळीवर) ठेवायचा, तो कोणत्या बसमध्ये (अनेक ट्रॅक एकत्र नेणाऱ्या मार्गात) मिसळायचा आणि तयार फाइलच्या कोणत्या चॅनेलवर बाहेर काढायचा, हे ठरविण्याची क्रिया. ‘वाहिनी’ हा प्रतिशब्द दूरचित्रवाणीने अडवून ठेवल्यामुळे येथे ‘चॅनेल’ हाच शब्द योजिला आहे. आवाजाची पातळी व पोत ठरविणे, म्हणजे मिक्सिंग, हे त्यानंतरचे काम होय.

संज्ञांचा उगम : ‘बस’ या संज्ञेविषयी दोन मते आढळतात. एका मताप्रमाणे ती प्रवासी बसवरून आली. अनेक ट्रॅक एकाच गाडीत बसून जातात, अशी ही कल्पना. दुसऱ्या मताप्रमाणे तिचे मूळ वीजवितरणातील बसबार, म्हणजे अनेक जोडण्या घेणारी तांब्याची जाड पट्टी, यात आहे. दोन्हींच्या मुळाशी ‘सर्वांसाठी’ या अर्थाचा लॅटिन ‘ओम्निबस’ हाच शब्द असला, तरी ध्वनिमिश्रणाची यंत्रे विद्युत अभियंत्यांच्या हातून घडली हे पाहता दुसरे मत अधिक संभवनीय वाटते. ‘पॅन’ (आवाज डावी-उजवीकडे वळविणे) हे ‘पॅनोरमा’चे लघुरूप. दोन चॅनेलांतील प्रमाण बदलून आवाजाचे स्थान भासविण्याचे तत्त्व ॲलन ब्लमलाइन यांच्या १९३१ च्या ब्रिटिश पेटंटअर्जापर्यंत मागे नेता येते. त्यासाठीच्या खुंटीचे ‘पॅनपॉट’ हे नाव मात्र डिस्नेच्या ‘फँटासिया’साठी (१९४०) बनविलेल्या फँटासाउंड यंत्रणेसंदर्भात रूढ झाले असावे. त्या यंत्रणेत ध्वनीची फिल्म वेगळी असून तिच्यावर ध्वनीचे तीन आणि नियंत्रणाचा एक असे चार ट्रॅक होते.

फितीच्या काळात रूटिंगला फारसा वाव नव्हता. मिनीडीव्हीवर (छोट्या डिजिटल व्हिडिओ-कॅसेटवर) ४८ किलोहर्ट्झ नमुनादराने दोन किंवा ३२ किलोहर्ट्झने चार चॅनेल मावत. आता मात्र एचडी-एसडीआय या डिजिटल व्हिडिओच्या केबलमधून चित्रासोबत १६ चॅनेल जातात.

क्लिप आणि ट्रॅक : गोंधळ बहुधा इथेच होतो. कॅमेऱ्याच्या पहिल्या चॅनेलवर कॉलर माइक व दुसऱ्यावर कॅमेऱ्याचा माइक असला, तरी सॉफ्टवेअर ती जोडी स्टिरिओ समजून उचलते. परिणामी बोलणाऱ्याचा आवाज डाव्या कानात आणि गलका उजव्या कानात. प्रीमियर प्रोमध्ये क्लिप टाइमलाइनवर नेण्याआधी ‘मॉडिफाय’मधील ‘ऑडिओ चॅनेल्स’मध्ये तिचे दोन मोनो (एकेका चॅनेलाचे) भाग करावेत. बिनमधील (क्लिपांच्या साठ्यातील) क्लिपवर नंतर केलेला बदल टाइमलाइनवरील तुकड्यांना लागत नाही, हे विसरणाऱ्यास अख्खी टाइमलाइन पुन्हा जोडावी लागते. ट्रॅकचा प्रकार (स्टँडर्ड, मोनो, सहा चॅनेलांचा ५.१, ॲडॅप्टिव्ह) तयार करतानाच ठरतो, मागाहून बदलत नाही. एकदोन तुकड्यांपुरता प्रश्न असेल, तर ‘फिल राइट विथ लेफ्ट’ हा इफेक्ट पुरतो. दाविंची रिझॉल्व्हमध्ये हेच काम ‘क्लिप ॲट्रिब्यूट्स’मध्ये होते. फायनल कट प्रोमध्ये ट्रॅकऐवजी ‘रोल’, म्हणजे क्लिपला संवाद, संगीत अशी खूण, (२०११ पासून) लावतात. एकट्याने काम करणाऱ्याला ही पद्धत सोयीची, पण प्रकल्प ध्वनिमिश्रकाकडे पाठवायचा असल्यास ट्रॅकांची शिस्त अधिक भरवशाची ठरते.

एकच आवाज दोन ट्रॅकवर मध्यभागी ठेवला, तर पातळी ६ डेसिबलने चढते. परस्परांशी संबंध नसलेले तितक्याच पातळीचे दोन आवाज मिसळले, तर वाढ सुमारे ३ डेसिबलची.

५.१ मध्ये चॅनेलांचा क्रम तपासणे अगत्याचे. प्रसारणात डावा, उजवा, मधला, एलएफई (खर्जातील आवाजाचा), मागचा डावा, मागचा उजवा असा क्रम चालतो. चित्रपटाच्या जुन्या रिवाजात डावा, मधला, उजवा, मागील दोन व शेवटी एलएफई. दोहोंची गल्लत झाली की संवाद उजव्या स्पीकरातून येतात.

सोलापुरातील उपयोजन : सिद्धेश्वर यात्रेतील संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा हा या विषयाचा उत्तम नमुना. संमतीचे (विवाहविधीतील पाठाचे) वाचन ध्वनिक्षेपकाच्या मिक्सरवरून लाइनने घेतात, हलगी व ‘हर्र बोला हर्र’चा गजर कॅमेऱ्याच्या माइकवर. कॅमेरा स्पीकरपासून ३४ मीटरवर असेल, तर माइकवरचा आवाज सुमारे एकदशांश सेकंद, म्हणजे २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर अडीच फ्रेम, उशिरा पोचतो. दोन्ही चॅनेल तसेच मिसळल्यास वाचनाला दुहेरी पडसाद येतो. म्हणून माइकचा चॅनेल वेगळा करून टाइमलाइनवर तितका आधी (डावीकडे) सरकवावा किंवा वाचनाच्या वेळी दाबून केवळ गजराला उघडावा.

मिक्सरच्या बॅलन्स्ड आउटपुटमधून (यात एका तारेवर मूळ व दुसरीवर उलटी लहर असते) साधी जॅक-केबल कॅमेऱ्याच्या स्टिरिओ माइक-खाचेत घातली, तर डाव्यावर मूळ व उजव्यावर त्याचीच उलटी लहर नोंदली जाते. हेडफोनवर सारे ठीक वाटते. एकाच स्पीकरच्या मोबाइलवर दोन्ही एकत्र होताच वाचन नाहीसे होते आणि ग्राहक ‘आवाजच नाही’ म्हणून परत येतो. उपाय सोपा : एक चॅनेल टाकून द्यावा, दुसरा मोनो करून मध्ये ठेवावा. लाइनची पातळी माइकच्या खाचेत गेल्याने फाटलेला आवाज मात्र रूटिंगने सुधारत नाही.

यंत्रमागाच्या शेडमधील मुलाखतीत कॉलर माइक दोन्ही चॅनेलांवर घेऊन दुसरा सुमारे १२ डेसिबल खाली ठेवावा. धोट्याच्या खडखडाटावर मात करण्यासाठी माणूस ओरडू लागला, की पहिला फाटतो. तेवढ्या वाक्यापुरता दुसरा लावता येतो. हे दोन्ही एकाच वेळी चालू राहणार नाहीत, हे पाहावे.

मराठी, कन्नड व तेलुगू अशा तिन्ही निवेदनांची फीत हवी असल्यास आठ चॅनेलांची रचना सोयीची : १–२ मराठी, ३–४ कन्नड, ५–६ तेलुगू, ७–८ निवेदनाविना संगीत व वातावरण. प्रीमियरमध्ये सिक्वेन्सचा (टाइमलाइनचा) अंतिम एकत्रित ट्रॅक ‘मल्टिचॅनेल’ ठेवून प्रत्येक निवेदन आपापल्या जोडीला, तर संगीताचा ट्रॅक चारही जोड्यांना जोडावा. फाइल क्विकटाइम अथवा एमएक्सएफमध्ये काढावी. प्रीमियरच्या एमपी४ मध्ये मोनो, स्टिरिओ किंवा ५.१ यांपलीकडे पर्याय नाही. तयार फाइल नव्या सिक्वेन्सवर आणून आठही चॅनेल एकेक सोलो करून (बाकीचे बंद ठेवून) ऐकावेत. कन्नड जोडीत तेलुगू निवेदन गेल्याचे मीटरवर कळत नाही; दोन्ही काटे सारखेच हलतात.