घरगुती कचरासंकलनाचे कंत्राटीकरण

घरोघरचा कचरा गोळा करून तो प्रक्रिया केंद्रापर्यंत किंवा कचराभूमीपर्यंत पोहोचवण्याचे काम स्थानिक स्वराज्य संस्थेने ठरावीक मुदतीच्या कराराने खासगी कंपनीकडे सोपवण्याच्या पद्धतीस कचरासंकलनाचे कंत्राटीकरण म्हणतात. जबाबदारी मात्र संस्थेचीच राहते; गाडी आली नाही, तर नागरिक तक्रार घेऊन तिच्याच दारात जातात.

एकाच गल्लीत चार कंपन्यांच्या गाड्या फिरण्यापेक्षा एकीनेच सगळी घरे घेणे स्वस्त पडते. त्यामुळे येथे स्पर्धा रस्त्यावर होत नाही, निविदेच्या वेळी होते. ब्रिटनमध्ये १९८८ च्या कायद्याने अशा निविदा सक्तीच्या केल्या. ही सक्ती पुढे १९९९ च्या कायद्याने उठवण्यात आली. अमेरिकेतील फीनिक्स शहरात १९७० च्या दशकाअखेरीपासून महापालिकेचा विभाग स्वतः खासगी कंपन्यांविरुद्ध निविदा भरू लागला आणि सुरुवातीला गमावलेले काही भाग त्याने नंतर जिंकून परत मिळवले. खासगी संकलन नेहमीच स्वस्त पडते, या समजुतीला निरनिराळ्या देशांतील अभ्यासांची एकत्रित पाहणी दुजोरा देत नाही.

खरा प्रश्न पैसे कशाचे मोजायचे, हा आहे. टनामागे दर ठरला, की भरलेली आणि रिकामी गाडी वजनकाट्यावर घेऊन फरकाचे देयक निघते. मग माती, राडारोडा आणि पाणीसुद्धा कचऱ्यात मिसळून वजन वाढवण्याचा मोह होतो, थोडा कचरा देणाऱ्या अरुंद गल्ल्या टाळल्या जातात आणि पुनर्वापरयोग्य माल वेगळा काढणे कंत्राटदाराला तोट्याचे ठरते. घरामागे दर दिल्यास हा मोह जातो, पण फेरी खरोखर झाली की नाही हे तपासायला पर्यवेक्षक लागतात, आणि नेमका हाच खर्च बचतीच्या हिशेबात बहुधा धरलेला नसतो. कमी बोलीतली बचत पुष्कळदा कामगारांच्या वेतनातूनच निघते, हेही सांगायला हवे.

मुदत साधारणपणे गाड्यांच्या आयुर्मानाशी जुळवली जाते, कारण त्याआधी करार संपला तर गुंतवणूक वसूल होत नाही. मुदत संपल्यावर काम परत घेणेही सोपे नसते: गाड्या विकलेल्या असतात, डेपो मोडीत निघालेला असतो, जुनी माणसे निवृत्त झालेली असतात. म्हणून काही संस्था आपल्या हद्दीतील एखाद्या भागाचे संकलन स्वतःकडेच राखतात. पुढच्या निविदेतील दर ताडून पाहायला स्वतःच्या खर्चाचे आकडे त्यामुळे हाताशी राहतात.