प्ली बार्गेनिंग

आरोपीने गुन्हा कबूल करायचा आणि त्या बदल्यात सरकारपक्षाने आरोप सौम्य करायचा, काही आरोप मागे घ्यायचे किंवा कमी शिक्षेची शिफारस करायची, अशा फौजदारी खटल्यातील तडजोडीला प्ली बार्गेनिंग म्हणतात. मराठीत तिला ‘कबुलीचा सौदा’ म्हणता येईल. सौद्यावर न्यायालयाची मोहोर लागते, पण साक्षी-पुरावे आणि उलटतपासणी बहुधा होतच नाहीत.

ही पद्धत सर्वाधिक रुजली ती अमेरिकेत. तेथे दोषी ठरणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जण खटला न चालता, कबुलीवरच दोषी ठरतात. १९७० च्या ब्रॅडी खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने तिला घटनात्मक मान्यता दिली. दिलेला शब्द सरकारी वकिलाने पाळलाच पाहिजे, हे पुढच्याच वर्षी सँटोबेलो खटल्यात ठरले.

फायदे उघड आहेत. न्यायालयावरचा भार हलका होतो, निकाल लवकर लागतो आणि कच्च्या कैदेत खितपत पडलेल्या आरोपीला आपली सुटका कधी होणार हे कळते. पीडिताला साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहून सारे पुन्हा सांगावे लागत नाही. टोळीच्या गुन्ह्यांत एखाद्या प्याद्याला सवलत देऊन त्याच्याकडून सूत्रधाराविरुद्ध साक्ष मिळवता येते.

अडचण सवलतीच्या आकारातच आहे. सवलत किरकोळ असेल तर सौदा करायला कोणी पुढे येत नाही; ती फार मोठी असेल तर निर्दोष माणूसही कबुली देऊन बसतो. अमेरिकेतील केंटकी राज्यात हेज या आरोपीवर ८८.३० डॉलरच्या बनावट धनादेशाचा आरोप होता. कबुली दिल्यास पाच वर्षांची शिफारस करू, असे सरकारी वकिलाने सांगितले. त्याने नकार दिला. मग सराईत गुन्हेगारांसाठीचा कायदा लावण्यात आला आणि त्याला जन्मठेप झाली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी हे वैध ठरवले. खटला चालवण्याचा हक्क मागितल्याबद्दलचा हा दंडच होता, हे टीकाकारांचे म्हणणे सहज खोडता येण्यासारखे नाही. त्याआधी ऑल्फर्ड खटल्यात, ‘मी खून केलेला नाही, पण फाशी टाळण्यासाठी कबुली देतो’ असे सांगणाऱ्याची कबुलीही ग्राह्य धरली गेली होती. कबुली दिलेले काही कैदी पुढे डीएनए चाचणीत निर्दोष ठरले आहेत.

दुसरा आक्षेप अधिकार सरकण्याचा. शिक्षा ठरवणे न्यायाधीशाचे काम. सौद्यात ते बरेचसे सरकारी वकिलाच्या हाती जाते, आणि बोलणी बंद दाराआड होतात. पोलिसांनी तपासात केलेल्या चुकाही मग न्यायालयासमोर येत नाहीत. जामीन न परवडणारा आरोपी आणि अशिलांच्या गर्दीत बुडालेला सरकारी खर्चाचा बचाव वकील यांची बाजू या घासाघिशीत लंगडी पडते. पीडिताच्या नजरेतून पाहिले, तर मोठा गुन्हा कागदावर लहान होतो.

काही देशांनी म्हणून कुंपण घातले. जर्मनीने २००९ मध्ये कायदा करून सौद्यानंतरही सत्यशोधनाचे न्यायालयाचे कर्तव्य कायम ठेवले. भारतात फौजदारी प्रक्रिया संहितेच्या २००५ च्या दुरुस्तीने ही तरतूद आली आणि जुलै २००६ पासून लागू झाली. आता ती त्या संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम २८९ ते ३०० मध्ये आहे. सात वर्षांहून अधिक शिक्षेचे गुन्हे, तसेच स्त्रिया व बालकांविरुद्धचे गुन्हे तिच्या कक्षेबाहेर आहेत. अर्ज आरोपीनेच करायचा असतो, आणि तो स्वेच्छेने केला आहे का, हे न्यायाधीश बंद दालनात त्याला एकट्याला विचारतात. वापर मात्र अत्यल्प आहे. जामिनावर बाहेर असलेल्या आणि पुढे निर्दोष सुटण्याची आशा असलेल्या आरोपीला दोषसिद्धीचा शिक्का आपणहून कशाला हवा असेल?