गर्भपाताचा कायदा आणि गर्भलिंगनिदानाचा कायदा: पुन्हा एकदा

'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' ही पाटी सोनोग्राफी सेंटरात सगळ्यांनीच वाचलेली असते, तेव्हा १९९४चा कायदा समजावत बसत नाही. गर्भाचं लिंग तपासणं, सांगणं, तशी जाहिरात करणं हा गुन्हा. घोळ होतो तो पुढे. ती पाटी वाचून लोक थेट 'म्हणजे गर्भपातालाच बंदी' इथे पोचतात.

गर्भपाताचा कायदा १९७१चा. त्यामागच्या समितीचे अध्यक्ष शांतिलाल शाह, म्हणजे महाराष्ट्राचेच आरोग्यमंत्री. २०२१च्या दुरुस्तीपासून वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. काही ठरावीक परिस्थितींत चोवीसपर्यंत मुभा आहे. आणि सज्ञान बाईची एकटीची संमती पुरते. 'मिस्टरांची सही आणा' हे कायद्यात नाही, ते काउंटरवर जन्माला आलेलं आहे.

मग गल्लत कुठून आली? थोडी चळवळीच्या यशातूनच. ऐंशीच्या दशकात मुंबईतल्या कार्यकर्त्यांनी रेटा लावला आणि १९८८मध्ये महाराष्ट्राने देशातला पहिला गर्भलिंगनिदानविरोधी कायदा केला. त्यांचा आक्षेप चाचणीला होता, गर्भपाताचा हक्क त्यांना हवाच होता. पण 'लेक वाचवा' ही हाक जुन्या वळणाच्या घरालाही पटते, सगळ्या पक्षांना परवडते. 'बाईचा निर्णय बाईचा' म्हटलं की तेच लोक घसा खाकरतात. त्यामुळे भिंतींवर रंगलं ते 'स्त्रीभ्रूणहत्या'. एकदा हत्या म्हटलं की बोट मशीनवरून उठतं आणि बाईकडे वळतं. मला हा शब्द चालत नाही. 'लिंगनिवड' म्हणा.

२०१२च्या सुमारास राज्यात अन्न व औषध प्रशासनाच्या (एफडीए) धाडी पडल्या त्या गर्भपाताच्या गोळ्यांवरही. आता हिशेब करा. या गोळ्यांना मान्यता आहे नऊ आठवड्यांपर्यंत. सोनोग्राफीत लिंग ओळखू येतं ते बाराव्या आठवड्याच्या आसपास, तेही लवकरात लवकर. मग गोळ्या रोखून कुठली लेक वाचली?

भाचीला सातवा आठवडा होता, या गोळ्यांसाठी डॉक्टरांनी दिलेली चिठ्ठी घेऊन मी गेले होते. केमिस्ट चिठ्ठी न उलगडताच म्हणाला, "ताई, तसल्या गोळ्या आम्ही ठेवत नाही. एफडीएवाले येतात." बंदी आहे का, विचारलं. "बंदी नाही हो, पण कशाला झंझट?" मिळाल्या त्या पाचव्या दुकानात.