पोपटीचं मडकं मध्येच उचलू नका
(पोपटीचं सामान नेणाऱ्या ग्राहकांसाठी)

डिसेंबर ते फेब्रुवारी, वालाच्या शेंगा भरल्या की रायगडात शेताशेतांत पोपटी लागते, म्हणजे शेंगा, चिकन, अंडी, बटाटे मडक्यात भरतात आणि मडकं उपडं ठेवून भोवती जाळ करून शिजवतात. सुट्टीत घरची सगळी जमली की आमच्याकडून मडकं, शेंगा आणि भांबुर्ड्याचा (वासाच्या रानटी झुडपाचा) पाला नेणारे हमखास विचारतात, पाणी किती घालायचं? थेंबभरही नाही. तेलही नाही. शेंगांच्या आणि पाल्याच्या अंगच्या ओलाव्याची वाफ होते, त्यातच सगळं शिजतं.

8 ते 10 माणसांना 3 किलो शेंगा, दीड किलो चिकन, 10 अंडी आणि 10 लहान बटाटे पुरतात. चिकनचे तुकडे लहान हवेत. त्यांना आलं-लसूण, हिरवी मिरची, हळद, मीठ, लिंबू लावून 2 तास ठेवा आणि केळीच्या पानात पुरचुंडी बांधा. मडक्याच्या तळाला पाल्याचा जाड थर द्या. जाडं मीठ आणि ओवा चोळलेल्या शेंगा, मधोमध पुरचुंड्या, अंडी, बटाटे, वर पुन्हा शेंगा. शेवटी तोंडात पाला दाबून दाबून कोंबा. मडकं उपडं केल्यावर एक शेंगही खाली सरकता कामा नये.

मडकं जमिनीवर उपडं ठेवून भोवती आणि वर पेंढा, गोवऱ्या, काटक्या रचा. वारा ज्या बाजूने येतो तिकडे जास्त गोवऱ्या लावा, कारण जाळ वाऱ्यासोबत पलीकडे झुकतो आणि अलीकडची बाजू कच्ची राहते.

आता खरी गडबड. पंधरा-वीस मिनिटांत पाल्याचा वास सुटतो आणि कोणीतरी काठीने मडकं उलथतं. वास पाल्याचा असतो, शेंगा तेव्हा अर्ध्या कच्च्याच असतात. कोंडलेली वाफ एकदा गेली की परत येत नाही. पुन्हा जाळ केला तरी पाला करपतो, शेंगा सुकतात, चिकन हाडाशी लालच राहतं आणि जेवण तासभर लांबतं. अर्धकच्चा वाल पोटालाही बाधतो. नुसत्या शेंगा-बटाट्यांना अर्धा तास, चिकन असेल तर 40 ते 45 मिनिटं जाळ धरा. मग मडक्यावर पाणी शिंपडा. थेंब ओघळला तर थांबा. चर्र करून जागीच उडाला तर झालं. ओल्या गोणपाटाने धरून मडकं सुलटं करा आणि तोंड स्वतःपासून लांब ठेवून काठीने पाला काढा. वाफ जोरात येते.

मडक्याची अनामत घेतो म्हणून काहीजण नाराज होतात. दमट किंवा केसाएवढी बारीक चीर गेलेलं मडकं जाळात तडकतं, म्हणून प्रत्येक मडकं आम्ही उन्हात वाळवून, वाजवून पाहूनच देतो. धड परत आलं की पूर्ण रक्कम तिथल्या तिथे मिळते. शेंगा आणि पाला त्याच दिवशी सकाळी तोडतो, शिळा पाला वाफ धरत नाही. म्हणून मागणी आदल्या दुपारपर्यंत कळवा. पहिल्यांदाच लावत असाल तर आमचा माणूसही सोबत येतो. तो 45 मिनिटं मडक्याला कोणाला हात लावू देणार नाही, तेवढं घरच्या मोठ्यांना आधी सांगून ठेवा.