स्क्रीन बर्न-इन आणि व्हिडिओ गेमसाठी पडद्याची निवड

स्क्रीन बर्न-इन : दूरचित्रवाणी संच, संगणकाचा मॉनिटर किंवा मोबाइल यांच्या पडद्यावर एकच स्थिर आकृती दीर्घकाळ राहिल्यामुळे उमटणारी तिची कायमची फिकट छाया. चित्र बदलले तरी वाहिनीचे बोधचिन्ह, खेळातला नकाशा किंवा संगणकाचा टास्कबार पुसटसा दिसत राहतो. त्या जागी काही चिकटलेले नसते. पडद्याचा तेवढा भाग शेजारच्या भागापेक्षा जास्त वापरला गेलेला असतो. चाळीतल्या लाकडी जिन्याच्या पायऱ्या मधोमध झिजतात, तशीच ही असमान झीज आहे. काही मिनिटांत किंवा तासांत आपोआप विरणारी छाया ही निराळी गोष्ट असून तिचे कारणही बहुधा निराळे असते. विक्रेते आणि ग्राहक दोघेही या दोहोंची गल्लत करतात.

इतिहास : हा दोष ऋण किरण नलिकेइतकाच जुना मानावा लागेल. कार्ल फेर्डिनांट ब्राउन यांनी १८९७ मध्ये ही नलिका तयार केली. तिच्या काचेच्या आतल्या बाजूला फॉस्फरचा थर असतो. इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने तो उजळतो आणि त्याच माऱ्याने मंदावतो. फॉस्फरच्या एखाद्या ठिकाणावर आजवर एकूण किती विद्युत्‌भार पडला, यावर त्याची घट ठरते. मारा सलग झाला की तुकड्यातुकड्याने, याला तुलनेने कमी महत्त्व आहे. पुढच्या सर्व प्रकारच्या स्वयंप्रकाशी पडद्यांना हे तत्त्व थोड्याफार फरकाने लागू पडते.

मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. त्याला आलेख व अक्षरे दाखवण्यासाठी ऋण किरण नलिकेचा पडदा जोडलेला होता. घराघरांत असा पडदा आला तो २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाल्यानंतर. दूरचित्रवाणीचे चित्र सतत हलते असल्याने घरच्या संचांना बर्न-इनचा त्रास क्वचितच झाला. तो खऱ्या अर्थाने दिसला नाणे टाकून खेळायच्या यंत्रांवर. १९८० च्या पॅक-मॅनचा चक्रव्यूह जागचा हलत नसे. यंत्र दिवसभर चालू राही आणि वीज बंद केल्यावरही काचेवर त्या भिंती ओळखू येत.

यावरचा पहिला उपाय, म्हणजे स्क्रीन सेव्हर, कोणी काढला याबद्दल एकमत नाही. बहुतेक संदर्भांत जॉन सोचा यांचे नाव येते. त्यांचा छोटा प्रोग्राम डिसेंबर १९८३ मध्ये सॉफ्टॉक मासिकात छापून आला. तीन मिनिटे कळफलकाला हात लागला नाही, तर तो आयबीएम पीसीचा पडदा काळा करी. पण १९७९ च्या अटारी ४०० व ८०० या संगणकांत काही मिनिटे हालचाल न झाल्यास पडद्यावरचे रंग आपोआप बदलू लागत, आणि ही सोय यंत्रातच होती. खेळयंत्रांची ‘ॲट्रॅक्ट मोड’ ही पद्धत, म्हणजे कोणी खेळत नसताना आपोआप चालणारी दृश्ये, त्याहूनही जुनी असली, तरी तिचा पहिला हेतू गिऱ्हाइकाला बोलावणे हा होता. पडदा वाचवणे हा नव्हे. हेतू आणि परिणाम दोन्ही पाहिले तर अग्रमान अटारीला द्यावा, आणि स्वतंत्र प्रोग्राम म्हणून सोचा यांना, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. १९८९ च्या आफ्टर डार्क या प्रोग्रामपासून स्क्रीन सेव्हर हा करमणुकीचाच प्रकार झाला.

प्लाझ्मा पडदा इलिनॉय विद्यापीठात १९६४ मध्ये डॉनल्ड बिट्झर, जीन स्लॉटो व रॉबर्ट विल्सन यांनी शोधला. पुढच्या रंगीत प्लाझ्मा पडद्यांत फॉस्फर असतोच. झेनॉन वायूतून निघणारे १४७ नॅनोमीटरच्या आसपासचे जंबुपार किरण त्याला उजळवतात. त्यामुळे बर्न-इनचा दोषही त्याच्याकडे वारशाने आला. पॅनासॉनिकने २०१३ अखेर उत्पादन थांबवले आणि लवकरच ही तऱ्हा मागे पडली.

ओएलईडी आणि निळ्या रंगाचा प्रश्न : आजची चर्चा मुख्यतः ओएलईडीभोवती, म्हणजे वीज दिल्यावर उजळणाऱ्या सेंद्रिय पदार्थांच्या पडद्याभोवती, फिरते. ईस्टमन कोडॅकमधील चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांच्या १९८७ च्या निबंधापासून या तंत्राचा आधुनिक इतिहास धरतात. सोनीचा ११ इंची एक्सईएल-१ हा पहिला ओएलईडी दूरचित्रवाणी संच २००७ मध्ये विक्रीस आला. कोडॅकचा ओएलईडी विभाग २००९ मध्ये एलजीने घेतला. एलजीचा ५५ इंची संच २०१३ मध्ये बाजारात आला. या पडद्यात प्रत्येक बिंदू स्वतः प्रकाश देतो. काळा रंग खरोखर काळा दिसतो तो यामुळे, आणि प्रत्येक बिंदूचे वय वेगवेगळे होते तेही यामुळेच.

लाल, हिरवा, निळा या तिन्ही रंगांत निळा सर्वांत अल्पायुषी. निळ्या फोटॉनची (प्रकाशकणाची) ऊर्जा सुमारे २.७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, तर लाल फोटॉनची साधारण २ असते. निळ्याची ऊर्जा सेंद्रिय रेणूंतील दुर्बळ बंधांच्या ऊर्जेच्या जवळ जाते, म्हणून रेणू तुटतो, असे सरळ स्पष्टीकरण बरेच दिवस दिले जाई. दुसऱ्या मतानुसार एकटी उत्तेजित अवस्था एवढे नुकसान करत नाही. अशी अवस्था, म्हणजे एक्सायटॉन, जवळच्या विद्युत्‌भारित रेणूवर किंवा दुसऱ्या एक्सायटॉनवर आपली ऊर्जा सोपवते. एका रेणूत दोन वाटे जमा झाले की बंध टिकत नाही. चमक वाढवली की आयुष्य तिच्या प्रमाणात नव्हे, त्याहून वेगाने घटते, हे प्रयोगांतून वारंवार दिसले आहे. चमक दुप्पट केल्यास आयुष्य निम्मे न राहता सुमारे एक-तृतीयांश ते एक-चतुर्थांशापर्यंत उतरू शकते. असा अनुभव पाहता दुसरे मत जास्त समर्पक ठरते. वापरणाऱ्याच्या दृष्टीने त्यातून निघणारा अर्थ मोठा आहे : तास थोडे कमी करण्यापेक्षा चमक थोडी कमी करणे अधिक लाभाचे. उष्णतेनेही झीज वाढते.

एलजीच्या पडद्यांत पांढरा प्रकाश निर्माण करून तो रंगगाळण्यांतून सोडतात आणि लाल, हिरव्या, निळ्याबरोबर चौथा पांढरा उपबिंदू (बिंदूचा एकेका रंगाचा भाग) ठेवतात. सॅमसंग डिस्प्लेच्या २०२२ पासूनच्या क्यूडी-ओएलईडीत मूळ प्रकाश निळा असतो आणि क्वांटम बिंदू नावाचे अतिसूक्ष्म कण त्याचे लाल व हिरव्यात रूपांतर करतात. त्यातील उपबिंदू त्रिकोणी मांडणीत असल्याने आडव्या कडांना रंगीत झालर दिसते. देवनागरीच्या शिरोरेषेला ती जाणवण्याचा संभव असतो, म्हणून त्याच मॉनिटरवर मराठी मजकुराचे कामही करणाऱ्याने विकत घेण्याआधी दोन ओळी टाइप करून पाहाव्यात.

संचातील ‘पिक्सेल रिफ्रेश’ सोय झीज भरून काढते, हा समज चुकीचा आहे. ती प्रत्येक उपबिंदूची विद्युत् अवस्था मोजते आणि थकलेल्याला अधिक प्रवाह देऊन इतरांच्या बरोबरीला आणते. म्हणजे राखीव क्षमतेतून उसनवारी होते. ती क्षमता संपेपर्यंत ठसा झाकलेला राहतो; नंतर दिसू लागतो. चित्र अधूनमधून काही बिंदू सरकवणे आणि स्थिर बोधचिन्हाची चमक आपोआप उतरवणे हे पूरक उपाय. उपबिंदूंची ही मोजणी संच रिमोटने बंद केल्यावर चालते. रात्री मुख्य बटण बंद करण्याची आपल्या घरांतली सवय काटकसरीची खरी, पण तिने ही मोजणी राहून जाते.

एलसीडी : येथे प्रकाश मागून येतो, द्रवस्फटिक तो फक्त अडवतात. छाया पडलीच तर ती आयनांच्या साचण्यामुळे पडते आणि बहुधा विरते. ते साचणे टाळण्यासाठी दर चौकटीला, म्हणजे पडद्यावर येणाऱ्या प्रत्येक चित्राला, विद्युत्‌दाबाची दिशा उलटवतात. एलसीडीला अमर मानणेही बरोबर नाही. कडेला दिवे असलेल्या अतिपातळ संचांत उष्णतेने मागचे थर वाकतात किंवा तडकतात, असे दीर्घ चाचण्यांत आढळले आहे.

खेळांचा अनुभव : आरटिंग्ज या परीक्षण संस्थेने २०१८ मध्ये एलजी सी७ चे सहा संच रोज सुमारे २० तास चालवले. सतत वृत्तवाहिनी दाखवणाऱ्या संचावर ठसे ठळक झाले. फुटबॉलचा खेळ फिफा १८ चालू असलेल्या संचावर ते थोडे दिसले. कॉल ऑफ ड्यूटी या युद्धखेळाच्या संचावर ५,००० तासांनंतरही लक्षणीय बदल नव्हता. या चाचणीत लाल उपबिंदू सर्वांत लवकर थकल्याचेही नोंदले गेले; एलजीच्या पडद्यांत सर्व रंग पांढऱ्या प्रकाशातून गाळून घेत असल्याने निळ्याच्या अल्पायुष्याचा नियम तेथे सरळ लागू पडत नाही. मराठी वृत्तवाहिन्यांच्या तळाशी ठाण मांडून बसलेल्या लाल-पिवळ्या पट्ट्या पाहिल्या की ही नोंद विशेष महत्त्वाची ठरते. मुंबईतल्या घरात हॉलमध्ये संच एकच. सकाळी आजोबांच्या बातम्या, संध्याकाळी मालिका, सुट्टीत क्रिकेटच्या धावफलकाची पट्टी, रात्री मुलांचे पीएस५ हे खेळयंत्र. अशा घरात ठसा पडलाच तर तो खेळापेक्षा बातम्यांचा असण्याची शक्यता जास्त. दोष मात्र खेळणाऱ्या मुलाच्या माथी येतो, हे न्याय्य नाही. उलट, एकच खेळ महिनोन्‌महिने रोज कित्येक तास खेळणाऱ्याने त्यातील पट्ट्या, नकाशा यांची पारदर्शकता वाढवणे आवश्यक आहे.

निवड : ६० हर्ट्‌झला म्हणजे सेकंदाला ६० चौकटी असताना एक चौकट १६.७ मिलिसेकंद टिकते, १२० ला ८.३, २४० ला ४.२. ओएलईडीचा बिंदू मिलिसेकंदाच्या अंशात बदलतो. एलसीडीच्या व्हीए प्रकारात काळोख्या दृश्यांत मागे काळी फरफट दिसते, आयपीएस या दुसऱ्या प्रकारात ती कमी, पण काळा रंग करडा. व्हीएचा प्रकाश-विरोध (पांढऱ्या व काळ्याच्या उजळपणाचे गुणोत्तर) साधारण ३,००० : १, आयपीएसचा १,००० : १. चुरशीचे नेमबाजीचे खेळ आणि त्याच मॉनिटरवर दिवसभर कचेरीचे काम असेल, तर वेगवान आयपीएस घ्यावा. अंधारात, वेगवेगळे, कथाप्रधान खेळ खेळणाऱ्याने ओएलईडीची भीती बाळगू नये. मिनी-एलईडी, म्हणजे मागे पुष्कळ बारीक दिवे असलेला एलसीडी, हा मधला मार्ग. उजळ वस्तूंभोवती प्रभा दिसते, पण पश्चिमेकडे खिडकी असलेल्या लख्ख खोलीत तोच बरा. क्यूडी-ओएलईडीवर बाहेरचा उजेड पडला की काळा रंग राखाडी-जांभळट होतो. पीएस५ किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्सवर ४के १२० हर्ट्‌झ हवे असल्यास संचाला एचडीएमआय २.१ ही जोडणी असल्याची खात्री करावी. संचाच्या सर्वच खाचांत ते असते असे नाही.

लोकलमध्ये खेळला जातो तो मोबाइल. २०२१ मध्ये आलेल्या बीजीएमआय या नेमबाजीच्या खेळासारख्या खेळांत डावीकडचा जॉयस्टिक व उजवीकडचे गोळीबाराचे बटण जागचे हलत नाहीत. उन्हाच्या तिरिपेत पूर्ण चमक आणि हातात तापलेला फोन, अशी झिजेची तिन्ही कारणे तेथे एकत्र येतात. बटणांची पारदर्शकता वाढवण्याची सोय खेळातच असते.

खरेदी : ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. भडकमकर मार्ग, हा मुंबईचा इलेक्ट्रॉनिक मालाचा जुना बाजार. मॉनिटर, दूरचित्रवाणी संच यांवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला. ३२ इंचांपर्यंतच्या संचांवर तो आधीच १८ टक्के होता. स्वस्तात मिळणारा ‘डेमो पीस’ शोरूममध्ये सर्वाधिक चमकेवर, तीच ती चित्रफीत दाखवत दिवसभर चाललेला असतो, त्यामुळे ओएलईडीच्या बाबतीत तो टाळावा. वॉरंटीपत्रात बर्न-इन वगळले आहे का ते वाचावे. डेलने २०२२ च्या एलियनवेअर क्यूडी-ओएलईडी मॉनिटरला बर्न-इनसह तीन वर्षांची हमी दिली. अशी हमी लेखी मागून घ्यावी. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. वापरलेला पडदा घेताना पूर्ण पडदाभर करडा, मग लाल, हिरवा, निळा असे एकेक रंग लावून अंधाऱ्या जागी पाहावे. पांढऱ्यावर न दिसणारा ठसा करड्यावर किंवा लालवर बहुधा दिसतो. दुकानदार घाई करत असला तरी पडदा अर्धा तास चालू ठेवून तीच पाहणी पुन्हा करावी, म्हणजे विरणारी छाया आणि खरी झीज यांतला फरक तेथेच कळतो.