शाफई किनारा: समुद्रावाटे आलेल्या इस्लामची पार्श्वभूमी

कोकणातला मुसलमान बहुतांशी शाफई आणि घाटावरचा बहुतांशी हनफी. दोघेही सुन्नी, पण धर्मशास्त्राची परंपरा वेगळी. महाड-चिपळूणकडचा माणूस वरंधा किंवा कुंभार्ली चढून पुण्या-साताऱ्याच्या मशिदीत गेला की फरक लगेच दिसतो. शाफई नमाजात रुकूला वाकताना आणि उठताना दोन्ही हात खांद्यापर्यंत नेतो, हनफी नेत नाही. असरची, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजाची, वेळ शाफईंकडे आधी होते, हनफींकडे बरीच उशिरा. आणि समुद्रातलं खाणं शाफई मताला जवळजवळ सगळं चालतं. हनफी शास्त्री माशापलीकडे जात नाहीत, त्यामुळे कोळंबी हा मासा आहे की नाही यावर त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या वाद चालू आहे. अर्थात कोळंबीसाठी म्हणून कोकणाने शाफई मत पत्करलं असं कोणी म्हणणार नाही. कारण वेगळं आहे आणि ते नकाशावर शोधावं लागतं.

कोकणातून किनाऱ्याकिनाऱ्याने खाली गेलं की भटकळचे नवायत शाफई, मलबारचे मापिळा शाफई, लक्षद्वीप, मालदीव, श्रीलंका शाफई. पुढे सुमात्रा, मलेशिया, जावा शाफई. पश्चिमेकडे वळलं तर येमेन, हद्रमौत, सोमाली किनारा, झांझिबार, किल्वा, सगळे शाफईच. उलट तुर्कस्तान, मध्य आशिया, अफगाणिस्तान आणि उत्तर भारत हनफी. एक नकाशा गलबतांचा, दुसरा घोड्यांचा. घोड्यांच्या वाटेवरून आलेला इस्लाम आपण शाळेत शिकतो: १२९६ मध्ये अलाउद्दीनची देवगिरीवर स्वारी, मग तुघलकाने दौलताबादला नेलेली राजधानी, खुलदाबादचे सूफी. गलबतांची वाट त्याहून निदान साडेतीनशे वर्षं जुनी आहे, आणि तिच्यावरचे नियम पार निराळे होते.

सुरुवात मात्र स्वारीनेच झाली. नवव्या शतकातला इतिहासकार बलाधुरी सांगतो की दुसरे खलिफा उमर यांच्या काळात, ६३६ च्या सुमारास, बहरीन-ओमानच्या सुभेदाराने ठाण्यावर आरमार पाठवलं. खलिफांना ते मुळीच रुचलं नाही. तू किड्याला लाकडावर बसवून समुद्रात सोडलंस, आपली माणसं बुडाली असती तर तेवढीच तुझ्या जमातीतली मी घेतली असती, अशा अर्थाची तंबी त्यांनी दिली. वाळवंटातल्या राज्यकर्त्याला समुद्राची वाटणारी धास्ती यात स्वच्छ दिसते. पुढे ७१२ पर्यंत सिंध अरबांकडे गेला. तिथून दक्षिणेकडे निघालेली फौज नवसारीला चालुक्यांच्या लाट (दक्षिण गुजरात) शाखेतल्या पुलकेशीने परतवली. त्याच्या ७३९ च्या ताम्रपटात या ‘ताजिकां’वरच्या, म्हणजे अरबांवरच्या, विजयाचा मोठा डौलदार उल्लेख आहे. फौज नवसारीला थांबली. व्यापारी थांबला नाही.

त्याला थांबवण्यात इथल्या राजांनाही रस नव्हता. ८५१ च्या सुमाराच्या अरबी वृत्तांतात ‘बल्हरा’ म्हणजे वल्लभराज, आपले राष्ट्रकूट, जगातल्या चार थोर राजांत गणलेले आहेत आणि अरबांवर त्यांच्याइतकी मर्जी कोणाची नाही असं म्हटलेलं आहे. त्याच वृत्तांतात गुर्जर, म्हणजे प्रतिहार, राजा अरबांचा कट्टर वैरी ठरतो. यात धर्मापेक्षा राजकारण जास्त. प्रतिहारांची सीमा सिंधच्या अरबांना भिडलेली होती आणि राष्ट्रकूटांचं प्रतिहारांशी हाडवैर. शत्रूचा शत्रू तो मित्र, शिवाय बंदरावर जकात मिळते आणि रणांगणासाठी घोडे येतात. राष्ट्रकूटांना याहून जास्त काय हवं होतं?

आता चौल पाहा. आज अलिबागजवळचं नारळी-पोफळींतलं शांत गाव. ९१६ मध्ये बगदादचा मसूदी इथे आला. त्याने या शहराला सैमूर म्हटलंय आणि इथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात असं लिहून ठेवलंय. काही इराणी आखातातल्या सिराफ बंदराचे, काही ओमानचे, काही बसरा-बगदादचे आणि बरेचसे ‘बयासिरा’, म्हणजे मुसलमान आईबापांच्या पोटी हिंदुस्थानातच जन्मलेले. त्यांचे तंटे सोडवायला ‘हुनरमान’ नावाचा प्रमुख होता. तो त्यांच्यातलाच, पण नेमणूक राजाची. मसूदीने त्याचं नावही दिलंय: अबू सईद मारूफ बिन झकरिया. दहा हजारांचा आकडा थोडा फुगवलेला असू शकतो. तरी ‘इथेच जन्मलेले’ असा एक वेगळा वर्ग करावा लागला, यावरून वस्ती पिढ्या दोन पिढ्यांची झाली होती हे उघड आहे.

ही वस्ती वाढली कशी? वाऱ्यामुळे. नैर्ऋत्य वारे ओसरता ओसरता गलबतं एडनहून इकडे येत, आणि परत जायचं तर ईशान्य वारे सुरू होईपर्यंत थांबणं भाग. माल विकून संपला नाही तर मुक्काम पुढच्या हंगामापर्यंत लांबायचा. इतके महिने बंदरात काढणारा माणूस घर करतो, इथलीच बायको करतो. मुलं आईची भाषा बोलतात आणि बापाची नमाज पढतात. इस्लामच्या सागरी प्रसाराचं यंत्र हे असं साधं होतं. धर्मोपदेशक मागाहून आले.

राजाश्रयाचा सर्वांत बोलका पुरावा डहाणू तालुक्यातल्या चिंचणीत सापडलेल्या ताम्रपटांत आहे. शक ८४८, म्हणजे इसवी सन ९२६. राजा राष्ट्रकूट तिसरा इंद्र. संयान, म्हणजे आजच्या संजाण मंडलाचा अधिपती कोण, तर ताजिक वंशातला मधुमती ऊर्फ सुगतिप. मधुमती हे ‘मुहम्मद’चं संस्कृत रूप असं अभ्यासक मानतात. या गृहस्थाने आसपासची बंदरं ताब्यात आणून तिथे आपले अधिकारी बसवले, नदीवर फुकट नावा सुरू केल्या आणि एक अन्नछत्र उघडलं, जिथे साळीचा भात, कालवण आणि तूप विनामूल्य मिळे. ताम्रपटाचा मूळ विषय तर याहून भारी: भगवती देवीच्या मठिकेला, म्हणजे लहान मठाला, दिलेली जमीन. मठिका बांधणारा ब्राह्मण, दानाला संमती देणारा मुसलमान सुभेदार, वर राजा राष्ट्रकूट, आणि सगळा दस्तऐवज संस्कृतात. याला आजचा ‘सर्वधर्मसमभाव’ म्हणायची घाई नको. हा चोख राज्यकारभार होता. बंदर ज्याला कळतं त्याच्या हाती बंदर दिलं आणि त्यानेही गावाची रीत सांभाळली.

गोव्याच्या कदंबांचा प्रकार असाच. सोमनाथच्या यात्रेला निघालेल्या कदंब राजाच्या जहाजाची डोलकाठी वाटेत मोडली, तेव्हा एका श्रीमंत ताजिक व्यापाऱ्याने त्याला हात दिला. पुढे पहिल्या जयकेशीने त्या व्यापाऱ्याच्या नातवाला, सादनाला, मोठ्या अधिकारावर नेमलं. १०५३ च्या ताम्रपटात सादनाने बांधलेल्या ‘मिजिगिती’चा, म्हणजे मशिदीचा, आणि तिच्या खर्चासाठी गलबतांवर बसवलेल्या कराचा उल्लेख आहे.

सगळंच गोडीगुलाबीचं होतं असं नाही. मार्को पोलोने ठाण्याच्या राजाबद्दल लिहिलंय की त्याची चाच्यांशी भागी होती: लुटीतले घोडे राजाचे, बाकीचा माल चाच्यांचा. पूर्व आफ्रिकेतून गुलाम आणण्याचा धंदाही याच वाऱ्यांवर चाले. खंबायतला बाराव्या शतकात मशीद जाळून ऐंशी मुसलमानांना मारलं गेलं. तिथल्या खतीबाने, म्हणजे मशिदीतल्या प्रवचनकाराने, गुजरातच्या सिद्धराज जयसिंहाकडे दाद मागितली, राजाने वेषांतर करून स्वतः चौकशी केली, दोषींना दंड केला आणि मशीद पुन्हा बांधायला पैसे दिले. हे सांगणारा लेखक औफी मुसलमान आहे, म्हणजे हिंदू राजाच्या भाटाची ही स्तुती नव्हे.

सोमनाथ म्हटलं की १०२६ आणि गझनीचा महमूद. पण त्याच वेरावळ-सोमनाथला १२६४ चा एक शिलालेख आहे, संस्कृत आणि अरबी अशा दोन्ही भाषांतला. होर्मूझचा नाखवा नुरुद्दीन फिरोज याने तिथे मशीद बांधली. जमीन स्थानिक सरदार श्री छाडा याच्याकडून घेतली. व्यवहाराला नगराचं पंचकुल, म्हणजे पंचमंडळ, साक्षी, आणि त्याचा प्रमुख पाशुपत शैव आचार्य वीरभद्र. संस्कृत लेखात अल्लाचं आवाहन विश्वनाथ, विश्वरूप, शून्यरूप अशा विशेषणांनी केलंय. हिजरी वर्षाला ‘रसूल महंमद संवत ६६२’ म्हटलंय आणि त्याच्या शेजारी विक्रम, वलभी आणि सिंह अशी आणखी तीन संवतांची वर्षं दिलीत, कारण त्या बाजारात कोणाला कोणतं वर्ष समजेल याचा नेम नव्हता. मशिदीच्या खर्चासाठी एक तेलघाणा आणि दोन दुकानं लावून दिली. दिवाबत्ती, पाणी, बांग देणारा आणि खलाशांचा सण यांतून उरेल तो पैसा मक्का-मदिनेला पाठवायचा.

यातली खरी गंमत दोन मजकूर शेजारी ठेवल्यावर कळते. अरबीत सोमनाथ हे इस्लामचं एक शहर होवो अशी प्रार्थना आहे. संस्कृतात ती नाही. ज्याला जे ऐकायचं ते त्याच्या भाषेत. व्यापाऱ्याचा शहाणपणा असा असतो.

या जगाची बाजारभाषा अरबी होती, ती केवळ मुसलमानांची नव्हे. बाराव्या शतकात मंगळुरात राहून पितळेची भांडी घडवून घेणारा ट्युनिशियाकडचा ज्यू व्यापारी अब्राहम बेन यिजू एडनला पत्रं लिही, ती अरबीतच, फक्त लिपी हिब्रू. भागीदारीचे करार, हुंडीचे व्यवहार, बुडालेल्या मालाची भरपाई, या सगळ्यांचे नियम बंदरोबंदरी ओळखीचे होते. नव्या बंदरातल्या व्यापाऱ्याला या वर्तुळात यायचं तर काझी, मशीद आणि कायदा यांचा उपयोग श्रद्धेइतकाच पतपेढीसारखा होता.

आणि कायदा शाफईच का? इमाम शाफई ८२० मध्ये इजिप्तमध्ये वारले. त्यांचं मत इजिप्त, येमेन आणि हद्रमौत इथे रुजलं, म्हणजे तांबड्या समुद्राच्या तोंडाशी. १२२९ पासून येमेनवर रसूलींचं राज्य आलं. एडनची जकात ही त्यांची खाण. तेराव्या शतकाच्या अखेरीस हे सुलतान भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या काझी-खतीबांना नेमाने तनखे आणि कापड पाठवत होते. बदल्यात शुक्रवारच्या खुतब्यात, म्हणजे नमाजाच्या प्रवचनात, त्यांचं नाव घेतलं जाई. एकही शिपाई न पाठवता वजन राखायची ही युक्ती. दिल्लीच्या सुलतानाने हनफी काझी घाटावर नेमले, पण किनाऱ्याची सवय तोवर पक्की झालेली होती. १३४० च्या दशकात होनावरला आलेल्या इब्न बतूताने तिथले लोक शाफई असल्याचं नोंदवलंय, आणि गावात मुलांच्या २३ व मुलींच्या १३ शाळा पाहून आश्चर्य केलंय, कारण असं त्याने दुसरीकडे कुठे पाहिलं नव्हतं. पुढच्या पिढीत मुंबईच्या माहीमला मखदूम अली माहिमी (१३७२–१४३१) झाले. कोकणी नवायत घराण्यातले हे शाफई पंडित. त्यांनी लिहिलेलं कुराणाचं अरबी भाष्य इस्लामी विद्वानांत मान्यता पावलं. माहीमच्या दर्ग्यावर उरुसाला लोटणाऱ्या गर्दीला बाबा ठाऊक असतात, भाष्यकार क्वचितच.

केरळात सांगितली जाणारी चेरमान पेरुमाळची गोष्ट, म्हणजे राजा मक्केला गेला आणि ६२९ मध्येच कोडुंगल्लूरला मशीद उभी राहिली, इतिहासकार दंतकथा मानतात. पण दंतकथेलाही राजा स्वतःहून गेलेलाच दाखवावासा वाटला, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

पूर्वेकडे हीच वाट सुमात्राला पोचली. पासे बंदराचा सुलतान मलिक अल्-सालिह याच्या थडग्यावर १२९७ चं वर्ष आहे. पुढे पासेपासून जावातल्या ग्रेसिकपर्यंत प्रतिष्ठितांच्या थडग्यांसाठी खंबायतचा कोरीव संगमरवर गलबतात घालून नेत. १४१९ मध्ये ग्रेसिकला वारलेल्या मलिक इब्राहीमच्या कबरीचा दगड तिथलाच. इंडोनेशियात आज वीस कोटींहून जास्त मुसलमान आहेत, आणि त्या बेटांवर अरबांची फौज कधी उतरली नाही. जावाने नवा धर्म घेतला पण जुनी बाहुली टाकली नाही: रामायण-महाभारताचे छायाखेळ चालू राहिले, आणि कुदूसच्या मशिदीचा विटांचा मनोरा पाहणाऱ्याला आधी हिंदू देऊळच वाटतो. मलय भाषा अरबी लिपीत लिहू लागले, आफ्रिकेच्या किनाऱ्यावर स्वाहिलीही. भाषेचा सांगाडा दोन्हीकडे आपापला राहिला.

१४९८ मध्ये वास्को द गामाचा माणूस कालिकतला उतरला, तेव्हा समोर भेटलेल्या ट्युनिसच्या व्यापाऱ्यांनी त्याला स्पॅनिशमध्ये शिवी हासडली: सैतान घेऊन जावो तुला, इथे कशाला कडमडलास? बारा वर्षांत गोवा पोर्तुगिजांकडे गेला आणि परवाना घेतल्याशिवाय अरबी समुद्रात गलबत हाकारणं धोक्याचं झालं. सुटा, परस्पर विश्वासावरचा व्यापार तोफेखाली आला. विद्येची ये-जा मात्र तोफेला आवरली नाही. सोळाव्या शतकात पोन्नानीच्या झैनुद्दीन मखदूम यांनी पोर्तुगिजांच्या जुलमाचा इतिहास लिहिला, आणि ‘फत्ह अल्-मुईन’ हा शाफई कायद्याचा ग्रंथही. मलबारात लिहिलेला तो ग्रंथ जावातल्या पेसांत्रेन नावाच्या मदरशांत विद्यार्थी आजही गुरूसमोर बसून ओळीगणिक वाचतात.